निरोगी बाईच्या पेशी

आमच्या घरी चटणी फार व्हायची. शेंगदाण्याची, जवसाची, लसणाची, कारळ्याची. सुभानपुऱ्यातल्या आमच्या सोसायटीत शेजारच्या गुजराती बेन आईला म्हणायच्या, "तमारे त्यां तो मिक्सर बहु चाले." चालायचा खरा. घरातल्या मुलीचं पोट दुखायला लागलं आणि ती ओरडायच्या बेताला आली, की आई मिक्सरचं बटण दाबायची. भिंतीपलीकडे आवाज जाऊ नये म्हणून. पणजोबा संस्थानच्या काळात मोठ्या हुद्द्यावर होते, आणि अशा घराण्यातल्या लेकी ओरडत नाहीत, अशी आमच्याकडे समजूत होती. त्यांना दुखतं की नाही हा प्रश्न वेगळा, आणि तो कुणी विचारायचा नसतो.

मी न्हाणीघराच्या फरशीवर पडलेली असायचे, तोंडात पंच्याची गाठ धरून. एकदा ती गाठ इतकी करकचून चावली की दाढेचा टवका उडाला. ओकारी यायची, पाय थंड पडायचे, ओटीपोटात कुणी तरी विळीचं पातं फिरवतंय असं वाटायचं. मिक्सर थांबला की आई यायची, माझ्या कंबरेत गुडघा रोवून दाबायची आणि म्हणायची, "घरोघरी मातीच्या चुली, बाळा. मलाही असंच व्हायचं. माझ्या आईलाही." ती हे मायेनं म्हणायची. त्या मायेचा मला अजून राग येतो.

पुढे मी जीवशास्त्र शिकले, पेशींवर काम करायला लागले, आणि ज्या रोगाच्या मुळाशी जायचं म्हणून आमची प्रयोगशाळा उभी आहे त्याचं नाव एंडोमेट्रिओसिस. गर्भाशयाच्या आतलं अस्तर दर महिन्याला मरतं आणि फाटून बाहेर पडतं, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण त्यातलं थोडं रक्त उलटं, नळ्यांमधून पोटात सांडतं, हे फारसं कुणाला माहीत नसतं. बहुतेक सगळ्या बायकांच्या पोटात ते सांडतं. तिथे गस्त घालणाऱ्या पेशी असतात, त्या ते तुकडे खाऊन टाकतात आणि विषय संपतो. काही बायकांच्या पोटात मात्र तो संपत नाही. तिथे ते तुकडे मरायला नकार देतात.

हा नकार मी रोज सूक्ष्मदर्शकातून बघते. अशी पेशी पोटाच्या आतल्या पडद्याला चिकटते. तो पडदा विरघळवणारी रसायनं सोडते आणि भगदाड पाडून आत घुसते. मग रक्तवाहिन्यांना हाका मारते, आणि त्या येतातही. तिला मारायला आलेल्या गस्तीच्या पेशी तिलाच खाऊ घालायला लागतात, पोलिसांनी चोराच्या घरी डबा पोचवावा तसं. वाढीसाठी लागणारं संप्रेरक ती स्वतःच बनवते, आणि "आता पुरे, शांत हो" असं सांगणारं दुसरं जे संप्रेरक असतं ते तिला ऐकूच येत नाही. भोवती मज्जातंतू उगवतात, म्हणून दुखतं. गर्भाशयातलं अस्तर जेव्हा रक्त सांडतं तेव्हा हीही सांडते, पण हिच्या रक्ताला बाहेर पडायला वाट नसते. ते आतच साकळतं, सडतं आणि आतड्याला अंडाशय, अंडाशयाला गर्भाशय असं चिकटवत जातं. हे सगळं कशामुळे सुरू होतं ते कुणालाच नीट ठाऊक नाही. काही पेशींच्या जनुकांत बिघाड सापडतात, काही घराण्यांमध्ये रोग पिढ्यान्‌पिढ्या दिसतो. भाषणात मी "काही घराण्यांमध्ये" म्हणायचे आणि पुढच्या चित्रावर जायचे.

आमच्या कामाची एक रीत आहे. रोगी पेशी कशा वागतात ते सांगायचं तर शेजारी निरोगी पेशी ठेवाव्या लागतात. रोगी बायकांचे नमुने दवाखान्यातून मिळतात. निरोगी बाईकडे मात्र कोण जाऊन सांगणार, की बेन, तुमचं पाळीचं रक्त एका डबीत भरून द्या? आमच्या सोसायटीत विचारलं असतं तर करणी करतेय म्हणून बोंब झाली असती. म्हणून आमच्याकडे शिरस्ता असा की प्रयोगशाळेतल्या बायकांनीच द्यायचं. आमच्या प्रमुख मॅडमची पाळी गेलेली होती, माझ्या हाताखालची मुलगी तेव्हा नवीन होती. राहिले मी. पाळीच्या दिवशी सकाळी दुखणं थांबवायच्या गोळ्या दुप्पट घ्यायच्या, घाम पुसायचा, रबरी कप रिकामा करून डबी घेऊन यायची, आणि झाकणावर माझ्याच अक्षरात लिहायचं: निरोगी. त्यात मला काही चुकीचं वाटलं नाही. रोगी म्हणजे ज्यांची पोटं टेबलावर उघडली गेली त्या, ज्यांना मूल होत नव्हतं त्या. माझं नुसतं दुखत होतं. आमच्याकडे सगळ्यांचं दुखायचं.

दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

त्या वर्षी नवरात्र संपल्यावर आम्ही एक साधा प्रयोग लावला. निरोगी पेशींना ते शांत करणारं संप्रेरक दिलं की त्या फुगतात, गोल होतात, एकमेकींना लागून बसतात. गर्भ येणार असेल तर त्याच्यासाठी गादी घालतात म्हणा. रोगी पेशी तशाच राहतात, लांबट, टोकदार, हट्टी. दोन्हीतला फरक मोजायचा, इतकंच काम होतं. दिवस भरले. मॅडमनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला आणि विचारलं, "आ कई डिश छे?"

"कंट्रोल," मी म्हटलं, म्हणजे निरोगी पेशींची.

"ना होय," त्या म्हणाल्या. असणं शक्य नाही.

माझ्या निरोगी पेशी सुऱ्यांसारख्या पडल्या होत्या. मी संप्रेरकाला दोष दिला, नवीन मागवलं. पेशींच्या खाण्याला दिला. उबवणी यंत्राला दिला. शेवटी हाताखालच्या मुलीला दिला. डभोईहून रोज बसनं येणारी, शहाणी, मुकाट काम करणारी पोर. तिच्या अंगावर मी पिपेटला लावायच्या टोकांचा अख्खा डबा भिरकावला. प्लास्टिकची टोकं खोलीभर उडाली. ती खाली बसून एक एक वेचायला लागली, आणि मला आणखीच राग आला.

दुसरी एक परीक्षा असते. बारीक छिद्रांच्या तळाची वाटी, तळावर लापशीसारखा थर, त्यावर पेशी सोडायच्या. ज्या थर फोडून खाली उतरतात त्या जांभळ्या रंगवून मोजायच्या. निरोगी थोड्या उतरतात. माझ्या निरोगी पेशींनी तळ जांभळा करून टाकला होता. रोगी बाईच्या वाटीपेक्षा जास्त.

मग त्याच मुलीनं, बहुतेक माझी कटकट थांबावी म्हणून, स्वतःचा नमुना दिला. तोच थर, तेच संप्रेरक, तेच यंत्र. तिच्या पेशी गुबगुबीत फुगून शेजारी शेजारी बसल्या. मॅडम खुर्ची ओढून माझ्यासमोर बसल्या आणि म्हणाल्या, "तने दुखे छे?"

"हो, नॉर्मल."

"नॉर्मल एटले केवुं?"

मी सांगितलं. ओकारी, थंड पाय, दुप्पट गोळ्या, पंच्याची गाठ, दाढ. सांगताना हसलेही थोडी, आपण सर्दीचं सांगतो तसं. मॅडम हसल्या नाहीत. ती मुलगी हळूच म्हणाली, "बेन, मने तो आवुं कंई नथी थतुं. हुं तो बीजे दिवसे गरबा रमवा गई'ती." मला तर असलं काही होत नाही, पाळीच्या दुसऱ्या दिवशी मी गरबा खेळायला गेले होते.

तेव्हा माझ्या आत जे काही फुटलं त्याला दुःख म्हणता येणार नाही. तो निव्वळ संताप होता. आधी कामाबद्दल आला. किती महिने आम्ही रोगी आणि रोगी यांच्यातला फरक मोजत बसलो होतो आणि फरक फारसा नाही असं लिहीत होतो. मग लग्न आठवलं. नवरा जवळ आला की आत सुरी खुपसल्यासारखं व्हायचं, मी त्याला लाथ मारून ढकलायचे, आणि दोन्ही घरांनी मिळून ठरवलं की मी थंड आहे. लग्न त्यावर मोडलं. सगळ्या डिश मी उचलल्या, ब्लीचच्या बादलीत घातल्या आणि त्या पांढऱ्या होऊन मरेपर्यंत बघत उभी राहिले. कामाच्या दृष्टीनं तो मूर्खपणा होता. मला फार बरं वाटलं.

आणि मग एकदम भाची आठवली. दादाची मुलगी, बारावीत होती. सकाळी मी निघाले तेव्हा तिची पाळी आली होती आणि आई लसूण सोलायला बसली होती.

स्कूटर फाटकाशी लावतानाच मिक्सर ऐकू आला. मी चपला न काढता स्वयंपाकघरात गेले, प्लग खेचला, भांडं उपसलं आणि ओट्याच्या कडेवर आपटलं. एकदा आपटून ते फुटलं नाही, म्हणून पुन्हा. चटणी भिंतीवर, देवघराच्या पडद्यावर, आईच्या केसांत. पातं गरगरत फ्रिजखाली गेलं. मिक्सर थांबल्यामुळे भाचीचं ओरडणं घरभर स्पष्ट ऐकू यायला लागलं. ते माणसाचं ओरडणं वाटत नव्हतं.

"हा रोग आहे," मी म्हटलं. "तिला आहे, मला आहे, तुलाही होता."

आईनं माझ्या थोबाडीत मारली. चाळिशीच्या मुलीच्या. तिचा हात लसणानं माखलेला होता, माझा डोळा चुरचुरला.

"माझ्या घरात रोग नाही," ती म्हणाली. "तीन पिढ्यांच्या मुली या घरातून दिल्यात. कुणी नाव ठेवलेलं नाही."

"मी परत आले, ते?"

"ते तुझ्या स्वभावामुळे," आई म्हणाली.

संध्याकाळी वहिनी, भाचीची आई, शाळेतून आली. ती शिक्षिका आहे, या घरात आली त्याला वीस वर्षं होऊन गेली. आम्ही दोघी भिंतीवरची चटणी पुसत होतो. मी तिला पेशींचं सगळं सांगितलं. तिचा हात थांबला.

"ताई, एक सांगू? मला तर कधी काही झालंच नाही," ती म्हणाली. "मला वाटायचं, तुमच्याकडे मुलींना लाडच असे करतात. मोठं घर ने, तर नखरेपण मोठे. पोरगी तुमचं बघून शिकली, असंच वाटलं मला. मी तर दोनदा तिला तशीच शाळेत धाडली. रडत होती तरी."

ज्यांचं दुखत होतं त्यांना ते साधं वाटत होतं, आणि जिचं दुखत नव्हतं तिला ते नाटक वाटत होतं. मधल्या मधे पोरगी फरशीवर पडलेली होती. वहिनी सासूला हे कधी बोलली नव्हती. सासूसमोर असलं बोलायचं नसतं.

त्याच आठवड्यात आम्ही दोघी भाचीला सोनोग्राफीला घेऊन गेलो. डाव्या अंडाशयात लिंबाएवढी गाठ होती, जुन्या काळ्या रक्तानं भरलेली. डॉक्टरबाई चांगल्या होत्या. म्हणाल्या, आधी गोळ्यांनी पाळी थांबवून बघू, गाठ वाढली तर दुर्बिणीतून काढू, पण वेळ घालवू नका, अंडाशय जाईल. भाची गोळ्या घ्यायला लागली आणि पहिल्यांदाच एक महिना फरशीवर न पडता गेला. तिनं मला विचारलं, "आत्या, सगळ्यांना असं असतं? इतकं सोपं?"

आईनं गोळ्यांचं पाकीट औषधवाल्याला नेऊन दाखवलं. तो म्हणाला, पाळणा लांबवायच्या गोळ्या आहेत. आईनं घरी येऊन त्या संडासात टाकल्या आणि भाचीच्या दंडाला धरून गदागदा हलवलं, खरं सांग म्हणून. काय खरं सांगायचं ते त्या पोरीला कळेना. मी आईचा हात पिळून सोडवला, तो नंतर सुजला. दादा रिफायनरीतून ड्यूटी संपवून आला आणि सगळ्यांचं ऐकून घेतल्यासारखं करून म्हणाला, "बारावी होऊ दे. मग निवांत बघू." पाळणा लांबवायच्या गोळ्या आणि कुमारिका, हे त्याच्याही घशाखाली उतरत नव्हतं. मी पुन्हा गोळ्या आणल्या, त्या पुन्हा गेल्या. तिसऱ्यांदा वहिनीनं त्या शाळेच्या पिशवीत लपवल्या, पण तोवर मधे महिने गेले होते आणि दुखणं परत आलं होतं.

ज्या दिवशी घडलं त्या दिवशी तिची तारीखही नव्हती. मी प्रयोगशाळेत, वहिनी शाळेत, दादा कामावर. सकाळी डाव्या बाजूला एकदम कळ आली आणि ती पलंगावरून खाली पडली. आईनं गरम पाण्याची पिशवी दिली. ओकायला लागली तेव्हा ओवा दिला. पोरगी भिंतीवर डोकं आपटायला लागली तेव्हा आईनं तिचं डोकं मांडीवर घट्ट धरून ठेवलं आणि रामरक्षा म्हटली. आईला ते ओळखीचं दुखणं वाटलं. दुपारी आधी वहिनी पोचली, मागोमाग मी. भाचीचा रंग राखेसारखा झाला होता. उचलायला गेले तर तिनं माझ्या मनगटाचा लचका तोडला, दात हाडाला लागले. मी हात काढून घेतला नाही. रिक्षात ती सीटला लाथा मारत होती आणि निजामपुऱ्यातल्या दवाखान्यापाशी आलो तेव्हा लाथा थांबल्या. त्या थांबल्या तेव्हा मला खरी भीती वाटली.

गाठीच्या वजनानं अंडाशयाला पीळ बसला होता. वहिनीनं सही केली. सर्जननं नंतर बाहेर येऊन सांगितलं, पिळामुळे रक्त थांबलं, डावं अंडाशय काळं पडलं होतं, काढावं लागलं. उजवं वाचलंय, पण त्यावरही डाग आहेत, आता रोज गोळी आणि दर काही महिन्यांनी तपासणी. "थोडा वहेला लाव्या होत तो," इतकं बोलून तो थांबला. थोडं आधी आणलं असतं तर.

आई रिक्षा करून मागून आली होती. ती बाकावर बसली होती, साडी ओकारीनं भरलेली. मी तिच्यापुढे उभी राहिले. माझ्या मनगटातून रक्त येत होतं आणि मला तिला मारायचं होतं, हे मी लपवत नाही. हात उचललाही होता.

"सकाळपासून ती मरत होती," मी म्हटलं. "तू रामरक्षा म्हणत होतीस."

"मला काय माहीत, हे वेगळं होतं ते," आई म्हणाली. "मला तर दर वेळी मरायचंच वाटायचं."

तिनं ते रडून सांगितलं नाही. उन्हाळ्यात उकडतं म्हणावं तसं सांगितलं. वहिनी तिच्या शेजारी बसली आणि आयुष्यात पहिल्यांदा सासूशी त्या विषयावर बोलली.

"आई, तसं नसतं हो," ती म्हणाली. "माझं कधी दुखलंच नाही. एकदापण नाही."

आईनं तिच्याकडे बघितलं. मला वाटलं, आता हिलाही ही खोटं पाडणार. पण ती नुसती बघत राहिली. गेली वीस वर्षं एका ओट्यापाशी उभ्या राहिलेल्या बाईकडे ती पहिल्यांदा बघत होती.

"मग त्या दिवसांत तू काय करायचीस?" तिनं विचारलं.

वहिनीला प्रश्नच कळला नाही. "काही नाही," ती म्हणाली. "रोजचीच कामं."

माझा हात खाली आला. मग आईनं वहिनीलाच, अगदी हलक्या आवाजात, पुन्हा विचारलं, "उभी राहून?"